विलायती दुकानाची वंशावळ

माझ्या पणजोबांचं नाव मला आजही चटकन आठवत नाही. पण इंग्लंडातल्या एका कापडवाल्याच्या चार पिढ्या मला तोंडपाठ होत्या. त्याचं छोटं दुकान पुढे तिकडे चार मजली झालं आणि त्याच नावाची एक शाखा सौदीत, जेद्दा शहराच्या अझीझिया भागात निघाली. तिथे माझे अब्बा काचसामान विकत.

नोकरीला लागताना मिळालेली दुकानाच्या इतिहासाची पुस्तिका त्यांनी पासपोर्टांसोबत कपाटात जपली होती. रत्नागिरीकडचा, सातवी शिकलेला माणूस. पण म्हाताऱ्याने पहिलं दुकान कसं मांडलं, थोरल्याने चिनीमातीची भांडी कशी आणली, धाकटा कसा रुसून वेगळा झाला, हे जेवताना असं रंगवून सांगत की आमच्याच भावकीतलं भांडण वाटावं. म्हाताऱ्याने थकलेल्या नोकरांसाठी दाराशी एक खुर्ची ठेवली होती, तो भाग त्यांचा फार लाडका. "खानदानी माणसं," ते म्हणत, "जुन्या माणसाला टाकत नाहीत."

मग विक्रीची कामं फक्त सौदींनीच करायची असा नियम आला. कफिलाने, म्हणजे शाखेच्या अरब मालकाने, अब्बांना काढलं नाही. इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, त्यांचा हुद्दा बदलून 'हमाल' केला. काम तेच, फक्त सरकारी तपासनीस आला की खोकं उचलायचं. माल विकताना सापडले असते तर आम्हा सगळ्यांची रवानगी थेट गावी, आणि माझी दहावी चार महिन्यांवर आलेली. "दुकानात अब्बा म्हणून हाक मारू नको," अम्मी रोज बजावायची.

शाळेतल्या बाईंसाठी निरोपाची भेटवस्तू विकत घ्यायला मी अम्मीबरोबर तिथे गेले. अब्बा एक बशी उलटी करून तिच्यामागचा शिक्का मला दाखवत होते. तेवढ्यात तपासनीस शेजारी येऊन उभा राहिला. जवळ उचलायला खोकं नव्हतं. त्याने मला इंग्रजीत विचारलं, "हा माणूस तुला माल विकतोय का?"

"नाही," मी म्हणाले. एवढं पुरलं असतं. पण मला इंग्रजीची भारी ऐट. "हा नुसता हमाल आहे. याला यातलं काही कळत नाही."

तपासनीस हसला आणि पुढे गेला. अब्बांनी बशी अलगद ठेवली आणि ते मागच्या गोदामात निघून गेले. त्यांचे कान लाल झाले होते. इंग्रजी त्यांना चांगलं समजायचं.

"बरं बोललीस गो. वाचवलंस," घरी आल्यावर ते म्हणाले. विलायती भावकीची गोष्ट त्यानंतर आमच्या घरात निघाली नाही. पुस्तिका कपाटातून कधी गेली, तेही मला कळलं नाही. मी पास झाले आणि वर्षभरात आम्ही सगळेच कायमचे गावी परतलो.

बऱ्याच वर्षांनी वाचलं, की वारसांनी इंग्लंडातलं ते दुकान विकून टाकलं. मी धावत अब्बांकडे गेले. खरं सांगायचं तर मला ती गोष्ट पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकायची होती.

"अब्बा, त्या खुर्चीचं काय झालं असेल?"

त्यांनी चहावर फुंकर घातली. "मला काय कळतंय गो त्यातलं? मी हमाल."

तो टोमणा असता तर मी तिथेच माफी मागितली असती. पण ते मनापासून बोलत होते.