म्हंजे किती?

"बाई, आज माल चांगला आहे," असं कुणी म्हटलं की बाई हातातलं काम थांबवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "चांगला म्हंजे किती?"

हे "म्हंजे किती?" आमच्या राइस मिलमध्ये ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. हमाल म्हणाला, लय गरम होऊन राहिलं, की "लय म्हंजे किती?" मी एकदा तापाने पडलो होतो. कामावर परतलो तर चौकशीचा पहिला प्रश्न तोच. मी म्हटलं, "बाई, ताप होता, धानातला ओलावा नव्हता." त्या हसल्या, पण आकडा सांगितल्याशिवाय त्यांनी मला लॅबच्या दारातून हलू दिलं नाही.

मिल आमची मोहाडीच्या रस्त्याला. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करतो आम्ही. धान हौदात गरम पाण्यात भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. बाई तिथे क्वालिटीच्या प्रमुख होत्या. प्रमुख म्हणजे हाताखाली प्रज्ञा नावाची एक मुलगी, ओलावा मोजायचं यंत्र, एक बारीक तराजू आणि खिडकीत एक हीटर. मी डिस्पॅचचा कारकून. माझी खोली गेटला लागून, त्यामुळे कोण कधी आलं, कसं आलं आणि कोणत्या तोंडाने गेलं, हे मला न विचारता कळतं.

बाईंचे यजमान त्याच मिलमध्ये फोरमन. हौदापासून पोती भरेपर्यंतचं सगळं त्यांच्याकडे. माल नवऱ्याने काढायचा, आणि तो सोडायचा की अडवायचा ते बायकोने ठरवायचं. असा संसार मी दुसरा पाहिलेला नाही, आणि कुणी पाहिला असेल तर त्याने मला येऊन सांगावं. वरठीहून दोघं एकाच मोटारसायकलवर यायचे. गेटच्या आत पाऊल पडलं की ते "फोरमन साहेब" आणि त्या "मॅडम."

"मॅडम, लॉट सोडता का?"

"ओलावा जास्त आहे, फोरमन साहेब."

"थोडासाच असंन."

"थोडासा म्हंजे किती?"

यावर फोरमन पान थुंकायला बाहेर जायचे. बाईंनी लॉट अडवला असेल त्या संध्याकाळी मोटारसायकलच्या सीटवर दोघांच्या मध्ये डब्याची पिशवी असायची. सोडला असेल तर पिशवी पुढे हँडलला. लॅबचा निकाल कागदावर यायच्या आत आम्ही गेटवाले पिशवी बघून सांगायचो. हमाल जाताना मला विचारायचे, "पिशवी कुठं आहे जी?" म्हणजे उद्या पोती पुन्हा उतरवायची की नाही, हे त्यांना कळायचं.

मोठ्या मालकांच्या काळात क्वालिटीसाठी एकच हुकूम होता, "क्वालिटी चांगली ठेवा." व्यापाऱ्याची तक्रार आली की क्वालिटीवाले झोपले होते, आणि तक्रार आली नाही की क्वालिटीवाल्यांना काम तरी काय आहे? दोन्हीकडून बाईच सापडायच्या. एकदा मालक सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. त्या दिवशी बाई माझ्या खोलीत येऊन बसल्या. रडल्या नाहीत. पाण्याचा ग्लास हातात धरून म्हणाल्या, "भाऊ, माझं काम बरं का वाईट, हे त्यांच्या मूडवर ठरते. मले आकडा पाहिजे. आकडा असला की कोणी मले बोलू शकत नाही."

मग छोटे मालक कारभार बघायला लागले. पुण्याला शिकून आलेला, हळू बोलणारा मुलगा. बाईंनी त्याच्यासमोर स्वतः तयार केलेला तक्ता ठेवला. ओलावा किती चालेल, तुकडा किती, काळा दाणा किती, नमुना आल्यापासून निकाल किती वेळात, महिन्याला तक्रारी किती. छोटे मालक खूश झाले. असंच तर पाहिजे, म्हणाले.

तो तक्ता बाईंनी माझ्याच टेबलावर लिहिला होता, म्हणून मला ठाऊक आहे. त्यात आधी "वास" असा एक रकाना होता. बाईंनी तो स्वतःच्या हाताने खोडला.

मी म्हटलं, "काहून खोडता? वास तर पहिले पाह्यते माणूस."

"हे मोजाचं कसं? उद्या कोणी म्हणंन, तुमचं नाक खराब आहे. तवा काय दाखवू?"

खोडून झाल्यावर त्यांनी कागद लांब धरून पाहिला. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

पहिलं वर्ष खरंच सुखाचं गेलं. भांडणं मिटली. फोरमनसुद्धा तक्ता बघून "बरोबर आहे" म्हणायचे आणि पान खायला जागेवरच बसायचे. पिशवी बरेच दिवस हँडललाच दिसायची. बाईंच्या चालण्यात फरक पडला होता. अंगणात वाळत घातलेल्या धानाच्या कडेने त्या झपझप जायच्या आणि कुणी "बाई, आज कसं काय?" विचारलं की थेट आकडा सांगायच्या.

एक गोष्ट मात्र गेली. पूर्वी प्रत्येक लॉटमधला मूठभर तांदूळ लॅबच्या हीटरवर शिजायचा. बाई, प्रज्ञा आणि आसपास जो असेल तो, मिठाबरोबर घास घास खायचे. मीही मुद्दाम त्या वेळेला कागद घेऊन जायचो. निकालाची वेळ तक्त्यात बांधली गेली आणि भात शिजवायला सवड उरली नाही. हीटर पुसून खिडकीत ठेवला गेला. कुणी फारसं मनावर घेतलं नाही, माझ्या पोटाशिवाय.

पुढे छोट्या मालकांनी तक्त्यात एक रकाना वाढवला, "अडवलेले लॉट." तो दर तिमाहीला आधीपेक्षा कमी व्हायला हवा. ऐकायला चांगलंच होतं. लॉट कमी अडले म्हणजे माल सुधारला, असा हिशेब. फोरमनलाही पाळीमागे किती माल काढायचा त्याचं टार्गेट आलं. हमालांना गाडी भरायच्या वेळेचं आलं, निवडणाऱ्या बायांना पोत्यांचं. रोज सकाळी सगळ्यांचे आकडे व्हॉट्सअॅपवर यायचे, हिरवे किंवा लाल. बाईंचा आकडा हिरवा राहिला की पुढच्या तिमाहीला तो आणखी खाली यायचा. तुम्ही कुठेही नोकरी केली असेल तर हे तुम्हाला नवीन नाही. शेवटी त्या रकान्यात शून्य आलं. लॉट अडवणं हेच ज्या बाईचं काम, तिने एकही लॉट अडवायचा नाही, असं ते टार्गेट झालं.

"आता काय करता, बाई?" मी विचारलं.

"करतो काय? आकडा म्याच मागतला होता," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

आणि मग तो लॉट आला. केरळला जायचा होता, गाडी गेटवर उभी होती. ओलावा बरोबर, तुकडा बरोबर, काळा दाणा नावाला. तक्त्यातलं सगळं हिरवं. पण बाईंनी पोतं उघडलं आणि तोंड मागे घेतलं. हौदातलं पाणी वेळेवर बदललं नाही की धान आंबतं, आणि तो आंबूस वास तांदळाला धरून राहतो. पाणी बदलायला हौद रिकामा करावा लागतो, त्यात वेळ जातो, आणि वेळ गेला की फोरमनचं टार्गेट चुकतं. पाळी त्यांचीच होती.

बाई छोट्या मालकांकडे गेल्या. मी गाडीचे कागद घेऊन तिथेच उभा होतो.

"सर, वास येऊन राहिला."

छोट्या मालकांनी तक्ता पाहिला. मग हसून म्हणाले, "म्हंजे किती, बाई?"

टोमणा नव्हता तो. बाईंचंच वाक्य त्यांनी कौतुकाने उचललं होतं. खोलीतले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"बाई, हा तक्ता तुम्हीच बनवला. मी तर तुमचंच ऐकून राहिलो. यात वास कुठं आहे?"

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. बाई म्हणाल्या, "मले दुपारपर्यंत वेळ द्या. मी आकडा आणतो."

त्यांनी खिडकीतला हीटर काढला. पाच वाट्या घेतल्या. त्या लॉटचा भात शिजवून वाट्यांत भरला, वर झाकणं ठेवली. पाच माणसं बोलावली. हमालांचा मुकादम रामाजी, निवडणाऱ्या दोन बाया, प्रज्ञा आणि फोरमन. झाकण काढून वास घ्यायचा, येत असेल तर हात वर करायचा. पाचापैकी तिघांचे हात वर झाले तर लॉट अडला, नाही तर सुटला. तसं कागदावर लिहून बाईंनी सही केली, छोट्या मालकांनी केली. माझं नाक यात नव्हतं. डिस्पॅचवाल्याला मत नाही, असं ठरलं. छोटे मालक दारात मोबाइल बघत उभे राहिले. कुणाला दम दिला नाही, डोळे वटारले नाहीत.

झाकणं उघडली. मी दारापाशी होतो, मलाही वास आला.

रामाजीने वाटी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. लॉट अडला तर भरलेली गाडी त्याच्याच माणसांनी उतरवायची होती. निवडणाऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. प्रज्ञाचं टार्गेट बाईंचंच होतं, शून्य. ती मान खाली घालून वाटीत बघत राहिली. कुणी लबाड नव्हतं. प्रत्येकाच्या मागे त्याचा त्याचा आकडा उभा होता.

"थोडासा येते, बाई," रामाजी हळूच म्हणाला. "पण थोडासा म्हंजे..." आणि पुढचं त्याने गिळलं.

एक हात वर गेला. फोरमनचा. पाळी त्यांची, हौद त्यांचा, लाल होणारा आकडाही त्यांचाच. हात वर करून ते बायकोकडे बघत राहिले.

"मॅडम, हात दिसला का?"

"दिसला."

"मोजला का?"

"मोजला. एक."

बाईंनी कागदावर एक लिहिलं आणि लॉट सुटल्याचा शिक्का मारला. छोट्या मालकांनी "थँक यू, बाई" म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. गाडी गेली. गेटपास मीच फाडला.

संध्याकाळी मी खिडकीशी उभा राहिलो. पिशवी हँडलला होती. हमालांपैकी एकजण म्हणाला, "सुटला वाटते लॉट." बाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. इतक्या वर्षांत मिलच्या हद्दीत मी तो पहिल्यांदा पाहिला.

नंतर बाई रोज माझ्या खोलीत डोकवायच्या. "भाऊ, केरळहून तक्रार आली का?"

"नाही आली."

"नीट पाहा. मेल पाहा."

तक्रार यावी म्हणून वाट बघणारी क्वालिटीची बाई मी तेवढी एकच पाहिली. तक्रार आलीच नाही. तिथे खाणाऱ्यांनी काय केलं असेल कोण जाणे. तिमाही संपली, शून्य लॉट अडले, शून्य तक्रारी आल्या, आणि बाईंच्या टीमला बक्षीस मिळालं. कुकर. फोटोत बाई तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या आहेत आणि हसायचं विसरल्या आहेत.

हंगाम संपताना त्यांनी नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. मी सही घ्यायला गेलो होतो. छोटे मालक खरोखरच गडबडले. "काहून, बाई? काही त्रास आहे का इथं?"

"आहे जी."

"म्हंजे किती?"

सवयीनेच निघालं ते त्यांच्या तोंडून. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. टेबलावरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "नाही मोजता येत," आणि उठल्या.

फोरमनला सोडता आलं नाही. दोघांतल्या एकाला तरी घर चालवणं भागच होतं. आता ते एकटेच येतात. डब्याची पिशवी मागच्या सीटवर, बाई बसायच्या तिथे, रबराच्या पट्ट्याने बांधलेली असते. कधी मी विचारतो, "बाई काय म्हणतेत?" ते म्हणतात, "बरी आहे." मी म्हणतो, "बरी म्हंजे किती?" मग आम्ही दोघंही थोडं हसतो.

लॅब आता प्रज्ञा बघते. वासाचा रकाना तक्त्यात कायमचा आला आहे, छोट्या मालकांनीच आणला. पाच वाट्या मांडतात, झाकणं उघडतात, हात मोजतात. रकान्यात बहुतेक शून्य असतं. कधीतरी एक असतं, फोरमनच्या हाताचं, आणि गाडी तेव्हाही जाते.

एक असलं की त्या संध्याकाळी फोरमन गेटपाशी थांबतात. पट्टा सोडतात, पिशवी हँडलला अडकवतात, मागची सीट हाताने झाडतात आणि ती तशीच रिकामी ठेवून वरठीकडे निघतात.