काढून ठेवलेलं पाणी

माझा भाऊ सहदेव विहिरींचं पाणी तपासायचा, असं मी आमच्या भांडुपच्या चाळीत सांगायचे तेव्हा शेजारची रत्नप्रभा विचारायची, "म्हणजे महापालिकेत का गं?" नाही बाई, महापालिकेत नाही. घाटकोपरला एका संस्थेची प्रयोगशाळा होती, तिथे तो मदतनीस होता, तोही हंगामी. संपात गिरणीची नोकरी गेली, मग साकीनाक्याच्या वर्कशॉपात लोखंड घासत बसला, आणि पंच्याऐंशी साली हे काम मिळालं. तेव्हा वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

काम ऐकायला विचित्रच होतं. जमिनीखालच्या दगडमातीत मुळातच थोडा किरणोत्सर्ग असतो म्हणे. कुठल्या कारखान्याने सोडलेला नव्हे, पृथ्वी झाली तेव्हापासूनचा. तो कुठे किती आहे हे प्रयोगशाळेचे श्यामसुंदर सर मोजत होते. सहदेवाने विहिरीच्या काठची माती पिशवीत भरायची आणि पाणी बाटलीत. मुलुंड, अंधेरी, बोरिवली, जिथे म्हणून जुनी विहीर उरली असेल तिथे हा खांद्याला बाटल्यांची पेटी लावून हजर. साकीनाक्याला एका शेडच्या मागे विहीर होती; तिथल्या कामगारांना वाटलं हा ती बुजवायला आलाय, त्यांनी चहा पाजून गोड बोलून त्याला वाटेला लावलं. मुलुंडला एक आजोबा मागेच लागले, "किरण म्हणजे? अंधारात चमकतं का आमचं पाणी?" घरी येऊन तो त्यांची नक्कल करायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मातीची घाई नसायची. ती वाळवायची, चाळायची, डबा सील करून महिनाभर ठेवायची आणि मग मोजायची. घाई सगळी पाण्याची. दगडातून रेडॉन नावाचा वायू सुटतो, तो झऱ्यातून पाण्यात येतो. पाणी हिंदकळलं, उघड्यावर राहिलं, की गेला उडून. म्हणून वजन बांधलेली बाटली दोरीने पार तळाला झऱ्याजवळ सोडायची, दुसऱ्या दोरीने बूच ओढायचं, भरली की वर घेऊन घट्ट बंद करायची. आत एक बुडबुडा दिसला तरी ओतून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. शिवाय बंद बाटलीतही चार दिवसांत तो वायू निम्मा होतो. त्यामुळे सरांचा हुकूम असा, की पाणी काढलं की निघायचं आणि दुसऱ्या दिवशी ते यंत्रावर लागलंच पाहिजे.

आता आमच्या आईचं सांगते. आमचं गाव मालवणच्या आतल्या बाजूला, आणि तिथे ती एकटी. बाबा गेल्यावर आम्ही तिला इकडे आणली होती, तर आठ दिवसांत परत गेली. "हंय श्वास घेवक जागा नाय गो," म्हणाली. संपापासून सहदेवाला गाव दिसलं नव्हतं. हंगामी माणसाने रजा मागितली की त्याला सांगणार, उद्यापासून येऊ नको. गणपतीला अख्खी चाळ गावाला जायची आणि हा त्यांच्या ट्रंका गाडीवर चढवून द्यायचा. घरी आला की जेवायचा नाही. आईची आठवण काढून हा बाप्या रडलेला मी पाहिलाय. त्याची बायको जयंती मला बाजूला घेऊन म्हणायची, "वन्सं, तुम्ही गावाचा विषय काढू नका हो."

आणि मग सरांनी कोकणातल्या काही विहिरी घ्यायचं ठरवलं. सहदेवाने लगेच आमच्या वाडीतली विहीर पुढे केली. कातळात खोदलेली आहे सर, तळाला जिवंत झरा आहे, बारा महिने आटत नाही. सर हो म्हणाले. संस्थेच्या खर्चाने आईकडे जायला मिळणार म्हणून त्या दिवशी त्याने चाळभर पेढे वाटले.

पण त्यात मेख होती. गावात एसटी सकाळी यायची, शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर-कंडक्टर चहा प्यायचे आणि तासाभराने तीच गाडी परत फिरायची. ती चुकली तर मुंबईची रातराणी चुकली, आणि रातराणी चुकली की पाणी फुकट. त्या तासातला निम्म्याहून जास्त वेळ विहिरीवर जायचा. पहिल्या खेपेला आईने घावणे केले होते ते त्याने गाडीत बसून खाल्ले. ती बिचारी विहिरीच्या काठावर येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "इतक्या लांबसून तू इहिरीक बघूक इलंस रे?"

आमच्या विहिरीचा आकडा उपनगरातल्या सगळ्या विहिरींपेक्षा जास्त निघाला. घाबरण्यासारखा नव्हता, पण जास्त. सर खूश झाले आणि म्हणाले, दर तीन महिन्यांनी पाणी आणा, मी वर्षभर बघतो. सहदेव उड्या मारतच माझ्याकडे आला. "शकु, झकास काम झालं. वर्षातून चार वेळा आई!" दुसऱ्या खेपेलाही आकडा तेवढाच आला.

तिसरी खेप भर पावसाळ्यात होती. हा चिखल तुडवत घरी पोचला तर आईने पडवीत पाट मांडलेला. "इहिरीर जाव नको. मियां सकाळीच पाणी काढून ठेवलंय. बाटली भर आणि हंयसर बस." समोर तांब्याचा हंडा, चिंचेने घासून लखलखीत केलेला, वर ताटली झाकलेली.

सहदेवाला सगळं कळत होतं. ते पाणी कळशीने ओढलेलं, ओतलेलं, तिच्या कमरेवर हिंदकळत आलेलं, सकाळपासून तसंच बसलेलं. त्यात मोजायला काही उरलं नव्हतं. पण निसरड्या पायवाटेवरून तो हंडा आणताना म्हातारी दोनदा खाली बसली होती, असं शेजारच्या जानकीने त्याला सांगितलं. त्याने मुकाट्याने हंड्यातून बाटली भरली आणि तो पाटावर बसला. गाडीची वेळ होईपर्यंत.

"काय बोललात रे एवढं?" मी विचारलं.

"काही नाही गं. तिने माझ्या डोक्याला तेल लावलं."

आकडा अगदीच कमी आला. सर म्हणाले, पावसाचं पाणी मिसळलं असणार. सहदेवाचा जीव भांड्यात पडला. दिवाळीनंतर गेला तेव्हा आईने पुन्हा हंडा भरून ठेवला होता, आणि याने पुन्हा त्यातूनच बाटली भरली. पुन्हा तसाच आकडा. या वेळी पाऊस नव्हता. सरांनी निकाल लावून टाकला, की पहिले दोन आकडे आपल्याच हातून चुकले असणार, या विहिरीत विशेष काही नाही. त्या जागी अलिबागकडची एक विहीर घेतली.

हे कळलं तेव्हा मी त्याला असा झापला म्हणता! "अरे मेल्या, जा ना, सांग ना सरांना."

"काय सांगू? खोटं पाणी आणलं म्हणून? उद्याच घरी बसवतील. पोरांना काय घालू?"

"मग तेव्हा आईला सांगायचं, हंड्यातलं चालत नाही म्हणून. तोंड शिवलं होतं का तुझं?"

तो चपलेकडे बघत म्हणाला, "मला तो तास हवा होता गं, शकु. अजूनही हवाय." मी उठून चहा टाकला.

पुढच्या मे महिन्यात मी पोरांना घेऊन गावाला निघाले. सोडायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "आईला सांग, पाणी चांगलं निघालं. हंड्याचं बोलू नकोस. तुझं तोंड मला माहीत आहे."

मी तसंच सांगितलं. आईने ते वाडीभर केलं. माझ्या झिलान मुंबैक नेवन तपासलान, आपला पाणी बरा असा, निर्धास्त पिया. दोन दिवस तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसलो होतो, तेव्हा तिने विचारलं, "मगे आता तो कदी येतलो?"

"आता नाय येवचो, आये. पाणी बरा असा मा, मगे परत कित्याक तपासतले?"

ती पुढचे रातांबे फोडत राहिली. हात लाल झालेले. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पाणी वायच वायट आसता तर बरा होता गो."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं सगळं. गिळलं.

परत आले तेव्हा सहदेव स्टँडवर उभा होता. सामान घ्यायच्या आधीच त्याने विचारलं, "आई काय म्हणाली?"

"खूश झाली," मी म्हटलं, आणि झोपलेलं पोर त्याच्या खांद्यावर दिलं.