फायरवॉलच्या कपाळावरची पाटी

माझं नवी मुंबईतलं ऑफिस बंद झालं तेव्हा साहेबांनी आम्हाला एक लांबलचक भाषण दिलं आणि तुळशीची एकेक कुंडी दिली. मी त्यांच्याकडे आणखी एक वस्तू मागितली, सर्व्हर रूममधली जुनी फायरवॉल. पाटाएवढा लांबरुंद स्टीलचा डबा. इंटरनेट आणि ऑफिस यांच्या मध्ये बसून कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, एवढंच त्याचं काम. डबा ठणठणीत होता, पण बनवणाऱ्या कंपनीने त्याचं लायसन्स बंद केल्यामुळे कागदोपत्री तो भंगार होता. माझीही गत साधारण तीच होती, त्यामुळे मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली. साहेब म्हणाले, खुशाल घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. हेच ते आम्हाला उद्देशून भाषणातही म्हणाले होते, फक्त जास्त शब्दांत.

नवी नोकरी मिळेपर्यंत मी काशीदला ताईकडे राहायला गेलो. ताईच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या दाजींचं, तिथे लॉज आहे. पूर्वी त्यांच्या घरची होडी होती. ती विकून त्यांनी खोल्या बांधल्या आणि मासे पकडण्यापेक्षा पाहुणे पकडणं सोपं असतं हे स्वतःच्या हिमतीवर शोधून काढलं. मुंबईहून येणारी माणसं समुद्र बघायला येतात, पण खोलीत पाय ठेवल्याबरोबर वायफायचा पासवर्ड विचारतात. शनिवारी लॉज भरलं की एखाद्या खोलीतला कोणीतरी सिनेमा उतरवत बसायचा आणि बाकीच्या खोल्यांतून दाजींच्या नावाने हाका सुरू व्हायच्या. ताई म्हणायची, समुद्र गायब झाला तरी ही माणसं इतकी कळवळायची नाहीत.

मला करायला काम नव्हतं आणि डबा हाताशी होता. कंपनीची प्रणाली पुसून मी त्यावर फुकट मिळणारी फायरवॉलची प्रणाली चढवली, प्रत्येक खोलीला इंटरनेटचा ठरावीक वाटा लावून दिला आणि डबा काउंटरमागच्या फळीवर ठेवला. दुपारच्या जेवणाआधी सगळं सुरळीत चालू झालं. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

घोटाळा डब्याच्या तोंडावर होता. पुढच्या बाजूला बोटभर उंचीची, दोन ओळींची एलसीडीची पट्टी होती, हिरवट उजेडाची, आणि शेजारी चार बटणं. वीज सुरू झाली की ती पट्टी इंग्रजीत ‘बूटिंग’ असं लिहायची, म्हणजे यंत्र सुरू होत आहे. पुढचा मजकूर पूर्वी कंपनीची प्रणाली पुरवायची. ती मी पुसली होती. त्यामुळे डबा सुरू होऊन, सगळ्या खोल्यांना इंटरनेट पुरवत असतानाही पट्टी मात्र दिवसभर ‘बूटिंग’ म्हणत राहायची.

मी दाजींना समजावलं की पट्टीकडे बघू नका, खोल्यांत जाऊन बघा. दाजी खोल्यांत गेले नाहीत. ते पट्टीसमोर उभे राहिले.

“डबा चालू हाय का न्हाय?” त्यांनी विचारलं.

चालू आहे, मी म्हटलं.

“मंग तो सोता न्हाय का म्हणतो?”

पाहुण्यांचंही तेच. पुण्याचे एक गृहस्थ व्हिडिओ कॉलवर बायकोशी बोलत बोलत काउंटरपाशी आले, पट्टी वाचली आणि फोनमधल्या बायकोला सांगू लागले की इथलं इंटरनेट अजून सुरूच झालेलं नाही. बायकोने तिकडून सहानुभूती दाखवली. तिचा चेहरा फोनवर अगदी स्वच्छ दिसत होता, आवाजही कुठे तुटत नव्हता. ते दोघं बराच वेळ त्या बंद इंटरनेटवरून बंद इंटरनेटबद्दल बोलले, आणि मग त्यांनी दाजींना भाडं कमी करायला सांगितलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनंतर पट्टी दुरुस्त करणं मला भाग होतं.

इंटरनेटवर शोधल्यावर कळलं की जगभर माझ्यासारखे पुष्कळ रिकामे लोक आहेत. भंगारातून असेच डबे उचलून आणायचे आणि त्यांची पट्टी बोलती करायला महिनोन् महिने घालवायचे, हा त्यांचा छंद. त्यांच्या चर्चा एकाच साच्याच्या असतात. पहिला माणूस अडचण सांगतो. दुसरा त्याला म्हणतो, तू हा प्रश्न चुकीच्या जागी विचारलास. तिसरा म्हणतो, याचं उत्तर पूर्वीच दिलेलं आहे, जरा शोध. मग पहिला माणूस परत येऊन लिहितो, सुटलं, सगळ्यांचे आभार. कसं सुटलं ते कोणी लिहीत नाही. माझ्या डब्याबद्दलची अशी प्रत्येक चर्चा मी वाचली आणि तितक्या अनोळखी माणसांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

शेवटी झाकण उघडलं. पट्टीची चपटी वायर आत जिथे जोडली होती ती जागा म्हणजे जुन्या प्रिंटरचं पोर्ट निघालं. म्हणजे ही पट्टी स्वतःला छोटा प्रिंटर समजत होती. मग मी पट्टीशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम मिळवला, त्याला त्या पोर्टचा पत्ता दिला आणि सुरू केला. वरच्या ओळीत एका रांगेत काळे चौकोन उमटले. ‘बूटिंग’ गेलं आणि त्या जागी कुलूप लावलेल्या दुकानांची रांग आली.

दाजींनी चौकोन पाहिले आणि म्हणाले, आधीचं बरं होतं, निदान वाचता तरी येत होतं.

पुढचे काही दिवस मी त्या चौकोनांसमोर बसून काढले. ताई जेवायला हाक मारायची, मी आलोच म्हणायचो आणि जायचो नाही. ती एकदा ताट घेऊनच आली आणि म्हणाली, ऑफिस बंद पडलं तरी तू बंद पडलेला नाहीस, तुलाही कोणीतरी पुसून नवीन भरायला हवं. मला ते लागलं, पण कोळंबीचं कालवण चांगलं झालं होतं म्हणून मी आधी ताट संपवलं.

दोष निघाला तो घाईचा. माझा प्रोग्राम अक्षरामागून अक्षर धडाधड पाठवत होता, आणि ती पट्टी जुन्या काळची, एक अक्षर गिळायला तिला जरा उसंत लागायची. मी प्रत्येक अक्षरानंतर क्षणभर थांबायची सूचना घातली. चौकोन गेले आणि ‘वेलकम’ ही अक्षरं इंग्रजीत स्वच्छ उमटली. मी काउंटरवर एकटाच होतो. डोळ्यांत खरोखर पाणी आलं, आणि कोणी पाहिलं नाही हे बरं झालं.

दाजींनी वेलकम वाचलं आणि ते मराठीत पाहिजे म्हणाले.

हे सांगणं सोपं होतं. त्या पट्टीला जन्मतः इंग्रजी अक्षरं येतात. याशिवाय तुम्ही स्वतः ठिपके मांडून तिला नवीन अक्षरं शिकवू शकता, पण एका वेळी फक्त आठ. आठ कप्पे आहेत असं समजा. नववं अक्षर हवं असेल तर आधीच्या एका कप्प्यातलं पुसून त्यात नवीन भरायचं. शिवाय प्रत्येक अक्षर पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. एवढ्या जागेत मराठी अक्षर बसवणं म्हणजे एसटीच्या एका सीटवर वऱ्हाड बसवण्यासारखं. काना आला की वेलांटी बाहेर, अनुस्वार आला की शिरोरेघ बाहेर. तरी मी मांडलं. दोन अक्षरांमध्ये पट्टीला मुळातच फट असल्यामुळे शिरोरेघ तुटायची आणि अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या गंजीफ्रॉकांसारखी वेगवेगळी लोंबायची. पण वाचता येत होती.

आणि मग दाजींना खरी कल्पना सुचली.

दाजींनी लॉजच्या पुढे, थेट वाळूत, एक नवीन खोली बांधली होती. तिथे बांधायला परवानगी नाही हे त्यांना माहीत होतं, गावाला माहीत होतं, आणि परवानगी देणाऱ्यांनाही बहुधा माहीत होतं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी येऊन तिच्यासमोर नारळ फोडला तर खोली आपोआप कायदेशीर होईल असा दाजींचा हिशोब होता. नुसत्या खोलीसाठी हे साहेब येणार नाहीत, म्हणून ‘डिजिटल लॉज’चं उद्घाटन ठरलं. डिजिटल म्हणजे माझा डबा.

साहेबांचा एक कार्यकर्ता आधी पाहणीला आला. त्याने डबा सगळीकडून पाहिला आणि साहेबांचं नाव पट्टीवर आलंच पाहिजे म्हणून सांगितलं. पुढे माननीय, लोकनेते, कार्यसम्राट, मागे साहेब. मी त्याला आठ अक्षरांची अडचण सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “बाकीच्या पुढाऱ्यांनाबी आठच देता ना?”

मी म्हटलं, सगळ्यांना आठच. मग त्याचं समाधान झालं.

घासाघीस होऊन लोकनेते आणि कार्यसम्राट गळाले. साहेबांचं आडनाव सुदैवाने तीन अक्षरी होतं. पहिल्या तीन कप्प्यांत ती तीन अक्षरं, चौथ्यात ‘मा’, पुढच्या तीन कप्प्यांत ‘साहेब’. वरचं वेलकम कप्पे वाचवायला परत इंग्रजीत गेलं. एक कप्पा उरला, त्यात दाजींनी कमळ काढायला सांगितलं. मी म्हटलं, त्याचा अर्थ लोक वेगळा घेतील. मग नारळ काढला. तो बटाट्यासारखा दिसला म्हणून पुसून टाकला.

शेजारची बटणं रिकामी राहू नयेत अशी दाजींची इच्छा होती, म्हणून एका बटणावर मी ताईच्या स्वयंपाकातला आजचा मासा लावला. बटण दाबलं की वर इंग्रजीत ‘टुडे’ आणि खाली मराठीत ‘बोंबील’ यायचं, पुन्हा दाबलं की परत साहेब. ‘बोंबील’लाही तीनच अक्षरं लागतात. ती मी पहिल्या तीन कप्प्यांत भरली. मी बटण दाबून पाहिलं, बोंबील बरोबर आले. तेवढ्यात ताईने जेवायला हाक मारली आणि या वेळी मी लगेच गेलो. बटण दुसऱ्यांदा दाबून बघायचं राहून गेलं.

उद्घाटनाला साहेब दुपारी आले. सोबत गाड्या, कार्यकर्ते आणि फोटो काढणारा. दाजींनी नवा सदरा घातला होता. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि साहेब पट्टीसमोर येऊन आपलं नाव बघत उभे राहिले. त्यांना ते आवडलं हे दिसत होतं. तुटक्या शिरोरेघेचंही त्यांनी कौतुक केलं, म्हणाले, हे काहीतरी मॉडर्न आहे. मग त्यांनी बटण कशाला म्हणून विचारलं आणि उत्तर मिळायच्या आत दाबलं.

बोंबील आले. सगळे हसले. साहेबही हसले, जेवणाचं आताच कळलं म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

पट्टी आपल्या सवयीप्रमाणे सावकाश, एकेक अक्षर करत लिहू लागली. पहिल्या तीन कप्प्यांत साहेबांचं आडनाव परत भरायची सूचना मी घातलीच नव्हती. बाकी सगळं जागच्या जागी होतं. वेलकमखाली ओळ पूर्ण झाली: मा. बोंबील साहेब.

सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघू लागले. फोटो काढणाऱ्याने मात्र फोटो काढला, कारण त्याला तेच काम दिलं होतं. मी काउंटरमागून वीज बंद करायला हात घातला आणि गडबडीत पंख्याचं बटण दाबलं, त्यामुळे साहेबांच्या डोक्यावरचा पंखा थांबला आणि पट्टी तशीच राहिली. शेवटी साहेबच हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि दाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचं लॉज आम्ही लक्षात ठेवू.”

त्यांनी ठेवलं. फोटो संध्याकाळपर्यंत मुरुडला आणि दुसऱ्या दिवशी अलिबागच्या कोर्टाबाहेरच्या टपऱ्यांवर पोचला होता. त्यानंतर लवकरच वाळूतल्या खोलीची नोटीस आली. इतके दिवस कोणाला न दिसलेलं बांधकाम एकदम सगळ्यांना दिसू लागलं. दाजींनी धावपळ केली, पण साहेब भेटले नाहीत. ते बैठकीत असायचे. खोली पाडायला आलेल्या माणसांना ताईने चहा दिला आणि पत्रे सरळ काढा, वाकवू नका, असं बजावलं.

दाजी माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. काही सांगायचं असेल तर ते डब्याकडे बघून सांगायचे. मला ते योग्य वाटत होतं आणि तसं मी ताईला म्हटलंही. ती कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

“खोली बेकायदा तू बांधली नव्हतीस,” ती म्हणाली. “आणि ह्यांच्या अंगात कार्यसम्राट आलेला तो तुझ्या डब्यामुळे नाही. तू फक्त एक बटण तपासलं नाहीस. त्याचं तुला वाटू दे, बाकीचं मला सांगू नकोस.”

पाहुणे मात्र वाढले. गाडीतून उतरल्या उतरल्या ते बोंबील साहेबांचं लॉज हेच का म्हणून विचारायचे आणि पट्टीबरोबर फोटो काढायचे. दाजींनी आधी तोंड फिरवलं, मग उजेड नीट पडावा म्हणून फळी खिडकीजवळ हलवली, आणि मग माझ्याशी बोलायला लागले.

मला पुढे पनवेलला नोकरी लागली. उद्घाटनाचे साहेब मला त्यानंतर एकदाच भेटले, अलिबागला एका लग्नात. मला टाळता आलं नाही. त्यांनी मला ओळखलं, बाजूला घेतलं, तब्येत विचारली. मग आवाज खाली आणून त्यांच्याच पक्षातल्या एका माणसाचं नाव घेतलं आणि विचारलं की त्याच्यासाठी पट्टीवर असं काही करता येईल का, चुकून झाल्यासारखं.

मी त्यांना म्हटलं की त्या माणसाचं आडनाव पाच अक्षरी आहे, त्याला मासा सापडणं कठीण.

साहेबांनी मान डोलावली. जेवणाच्या रांगेत ते माझ्या पुढेच उभे होते. ताट भरेपर्यंत ते मधूनमधून ओठ हलवत होते. बोटांवर काहीतरी मोजत होते.