गियर राहणार की जाणार?

नवी नवरी फार बोलत नाही, नुसती ऐकते. त्यात सासर कर्जतच्या सायकल दुकानामागेच असेल तर ऐकायला इतकं मिळतं की पोटात मावत नाही. पोट फुटायच्या आत थोडं इथे रिकामं करते.

आधी घरातलं भांडण सांगते. माझ्या नवऱ्यानं, निलेशनं, हौसेनं दुकानात गियरच्या सायकली आणल्या. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं म्हणणं एकच. "गियर म्हंजे पायात दम नसलेल्यांची सोय! दिवाळीपर्यंत बघतो, नायतर सगळा माल परत. मग तू रसायनीला कंपनीत चिकट." त्यामुळे गियरचं गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी बाबांकडे बघायचो.

*

पहिलंच गिऱ्हाईक बुलेटवाला दादा. पोट कमी करायला सायकल घेऊन गेला आणि दुसऱ्या सकाळी हजर.

"न्यूट्रल सापडत नाय!"

"सायकलला न्यूट्रल नसतो, दादा."

"मग रेल्वेचं फाटक बंद असलं की थांबायचं कसं?"

"पाय टेकवून."

दादानं आपल्या पायाकडे बघितलं. "एवढे गियर देऊन शेवटी पायच टेकायचा?"

बाबांनी काउंटरवरून माझ्याकडे नाही, निलेशकडे बघितलं. मीच खाली बघितलं.

*

मग शेजारचे काका. रोज कंपनीत जायचे, रस्ता बराचसा सपाट. निलेशनं दोनदा समजावलं, "सपाटीला पुढची मोठी चकती, मागची लहान. चढाला त्याच्या उलट, म्हणजे पाय हलके फिरतात."

आठवडाभरानं काका आले ते ओरडतच. "पाय मिक्सरसारखे फिरतात रं, आन सायकल बैलगाडीसारखी! घाम बघून वॉचमन इचारतो, नदी पोहून आला काय?"

निलेशनं बघितलं. काका घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत चढाच्याच गियरवर!

"काका, हा कशाला लावला?"

"हलका हाय ना! हलका असताना जड कशाला घेऊ?"

निलेशनं डोक्याला हात लावला. बाबा मात्र इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

*

एका रविवारी दुकानापुढे टेंपोतून सायकलीसकट मुंबईचा एक मुलगा उतरला. सायकल झकास, पण गियर एकही नाही आणि पेडल असे की चाक फिरेल तोवर फिरतच राहणार. सपाट रस्त्याला ठीक. हा पठ्ठ्या ती घेऊन लोणावळ्याहून खोपोलीला घाट उतरला!

"उतारावर पेडल एवढे पळायला लागले की मी दोन्ही पाय हवेत धरले."

"आणि ब्रेक?" निलेश चाकाशी वाकून शोधत होता.

"काढून टाकला ना. लुक जातो."

सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. "आणि जीव रं? तो नाय जात?"

त्यानं चहा मागितला.

*

दिवाळी तोंडावर आली तेव्हा बाबांनीच तोडगा काढला. "चल पळसदरीला. तू तुझी गियरवाली घे, मी माझी जुनी. धरणाच्या चढावर जो आधी वर, त्याचं खरं."

मागून स्कूटीवर मी आणि आई.

चढ लागताच निलेशनं ऐटीत सगळ्यात हलका गियर टाकला. बाबा उभे राहून पेडल मारत होते. अर्ध्यावर त्यांना उतरावंच लागलं. मी मनात म्हटलं, जिंकलो!

पण बाबांनी हॅंडल धरलं आणि सायकल ढकलत तरातरा चालायला लागले. निलेशचे पाय गरागरा, चाक मात्र मुंगीच्या पावलानं.

"अगं बाई," आई किंचाळल्या, "हे चालत पुढं गेले!"

खरंच गेले. आधी वर पोचले आणि दगडावर बसले. शर्ट पिळून काढावा असा, तोंड उघडं. मागून निलेश आला तो नुकता झोपून उठल्यासारखा, धाप नाही की काही नाही. फक्त चेहरा उतरलेला.

"हरलो, बाबा. उद्या माल परत पाठवतो."

बाबांची धाप थांबेना. आई पदरानं वारा घालत होत्या. शेवटी जरा दम आला तसे ते गियरवालीचं हॅंडल धरून निलेशवर खेकसले,

"परत? आन उद्या मी कशावर चढू रं?"