उन्हाचं निमित्त

मुरबाडच्या रस्त्याला आतल्या बाजूला एक फार्म होतं. तिथं चपट्या नाकाच्या पग कुत्र्या पाळायचे आणि त्यांची पिल्लं विकायचे. किन्हवलीच्या रत्नप्रभाबाई तिथं सहा वर्षं कामाला होत्या. पिंजरे धुवायचे, व्यालेल्या कुत्रीला पेज भरवायची, पिल्लं दीड महिन्याची झाली की आईपासून तोडायची. त्यांचा हात मायेचा, म्हणून मालक सगळं त्यांच्यावर सोडून निर्धास्त असायचा.

त्यातल्या चिमीची घरघर अंगणापर्यंत ऐकू यायची. नाकपुड्या जवळजवळ मिटलेल्याच, आणि पिल्लंही तिच्यावरच जायची. रत्नप्रभाबाईंनी मालकाला एकदा सांगून पाहिलं. या जातीचं असंच असतं, गिऱ्हाइकानं विचारलं तर उन्हानं होतंय म्हणा, असं त्यानं बजावलं. पहिल्या दोन-चार वेळा त्यांची जीभ अडखळली. मग सवय झाली.

वाशिंदच्या एका शाळेतल्या सोनाली मॅडम चिमीचं पिल्लू घ्यायला आल्या. मालक फोनवर बोलत लांब गेला, तेव्हा पिल्लू छातीशी धरून त्या रत्नप्रभाबाईंजवळ आल्या.

"ताई, तुम्ही रोज बघता. याचा श्वास असा का?"

ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. तरी रत्नप्रभाबाई सवयीनं बोलून गेल्या, "उन्हानं होतं मॅडम. सावलीत बसवलं की राहतं."

दोन वर्षांनी मालकानं धंदा गुंडाळला. कल्याणहून एका संस्थेची माणसं आली आणि कुत्र्या दत्तक द्यायला घेऊन गेली. थकलेल्या, घरघरणाऱ्या चिमीला कुणी घर देईल असं त्यांनाही वाटेना. रत्नप्रभाबाईंनी त्यांच्या कागदावर सही केली आणि तिला घरी आणलं.

शहापूरला डॉक्टरांनी तिला तपासलं. नाकपुड्या जन्मापासून अरुंद आहेत, ते पिल्लांतही उतरतं, असं त्यांनी सांगितलं. लहान वयात ऑपरेशन झालं असतं तर सुखानं जगली असती. आता तिचं हृदय थकलं होतं, भूल सोसणार नव्हती.

लहान वयात, एवढंच रत्नप्रभाबाईंच्या डोक्यात राहिलं. मॅडमचं पिल्लू अजून दोन-अडीच वर्षांचंच असेल. रविवारी एसटी धरून त्या वाशिंदला गेल्या, शाळेचं नाव सांगत, विचारत विचारत घर गाठलं.

सोनालीनं ओळखलं, चहा ठेवला. पिल्लाचं नाव तिनं लाडू ठेवलं होतं. तो गेल्या मे महिन्यात गेला, म्हणाली. माहुली गडाच्या पायथ्याशी सहलीला गेले होते, तिथं तो धापा टाकत खाली बसला.

"तुमचं आठवलं मला. झाडाखाली बसवून ठेवला, अर्धा तास. दवाखान्यात न्यायला उशीर झाला. इतक्या उन्हात त्याला नेलंच कशाला, असं रोज वाटतं."

रत्नप्रभाबाईंनी कप खाली ठेवला. "ऊन नव्हतं मॅडम ते. त्याच्या आईचं पण तसंच हाय. मला तेव्हा माहीत होतं. मी खोटं बोलले."

सोनाली रागावली असती तर रत्नप्रभाबाईंना सोपं गेलं असतं. ती कप उचलून आत गेली, नळ बराच वेळ चालू राहिला. बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आई आहे का त्याची?"

"हाय. माझ्याकडंच हाय."

सोनालीनं मान हलवली. पुन्हा या, असं काही ती म्हणाली नाही, आणि म्हणावं असं रत्नप्रभाबाईंनाही वाटलं नाही.

बाकीच्या गिऱ्हाइकांचे नंबर मालकाकडे होते. रत्नप्रभाबाईंनी ते मागितले. बघतो, म्हणाला. पुढच्या वेळी फोनच उचलला नाही. किती पिल्लं आपल्या हातून गेली, हे त्यांना नीट सांगताही येत नाही.

चिमी आणखी अकरा महिने जगली. शेवटी शेवटी तिला बसूनच झोप लागायची, म्हणून रत्नप्रभाबाई तिची हनुवटी मांडीवर टेकवून घ्यायच्या. आता शहापूरच्या बाजारात कुणाच्या हातात पग दिसला की त्या त्याला थांबवतात, याचं नाक एकदा डॉक्टरला दाखवा म्हणतात. बहुतेक जण बरं म्हणून पुढं चालू लागतात.