तुसात मुरत ठेवलेली बियर

भाऊ गेल्यावर महिनाभराने त्याच्यासोबत काम करणारे एक गृहस्थ पुण्याहून त्याचं सामान घेऊन आमच्या गावी आले. केशोरीच्या पुढे रस्ता विचारत विचारत आले, बिचारे. कपडे, पुस्तकं, काचेची एक उंच नळी आणि बियरचे चार भरलेले, लेबल नसलेले कॅन. "ही त्याने केलेली शेवटची," ते म्हणाले, "थंड ठेवा." आईने मान हलवली. बाबा ओसरीवर बसले होते, ते उठून बांधाकडे निघून गेले.

भाऊ पुण्यात एका लहानशा कारखान्यात बियर बनवत असे. गावात त्याचा अर्थ एकच लागला. तो डेंग्यूने गेला हे आम्ही विचारील त्याला सांगितलं. लोक "हो का, ताप होता का" म्हणायचे आणि वळणावर गेल्यावर आपसात म्हणायचे, "दारूच्या फॅक्टरीत होता, दारूनंच नेलं." हे बाबांच्या कानावर आलं तेव्हापासून त्यांनी घरात त्या कामाचं नाव काढू दिलं नाही. कुणी विचारलंच तर "कंपनीत होता" एवढं सांगत.

मी देवरीच्या शाळेत शिकवते. सुट्टीला घरी येते. ते कॅन आईने फेकले नाहीत एवढंच मला माहीत होतं. तेवढं पुरेसं वाटलं, पुढे विचारलं नाही.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांचं पान असतं. मातीच्या छोट्या करवंटीएवढ्या घागरीत पाणी भरतात, पळसाच्या पत्रावळीवर रस, वडे, कुरड्या वाढतात, आणि चुलीतला विस्तव काढून त्यावर पितरांच्या नावाने घास ठेवतात. घास जळून धूर वर गेला की त्यांनी घेतलं असं समजायचं. त्यांनी घेतल्याशिवाय घरात कुणी त्या सालचा आंबा खात नाही. यंदा त्या पानावर भावाचं नाव पहिल्यांदा येणार होतं.

मी दोन दिवस आधी पोचले. दुपारी बाबा जरा आडवे झाले होते. आईने मला हाताला धरून धानाच्या खोलीत नेलं. धान साठवायच्या ढोलीमागे एक मडकं होतं, तुसाने गच्च भरलेलं. तिने त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक कॅन बाहेर काढून पदराने पुसला.

"आता मुरली असन," ती म्हणाली.

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. आमच्या घरात जे चांगलं ते ठेवून ठेवून चांगलं होतं. पाहुण्यांसाठी जुना तांदूळ, कारण नव्याचा भात चिकट होतो. बाळंतिणीला जुना गूळ. चिंच दोन वर्षांची, लोणचं त्याहून जुनं. बाबा फ्रिजमध्ये ठेवू देणार नव्हते, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. लेकाने केलेली शेवटची गोष्ट तिने तिला येत होती त्या सगळ्यात चांगल्या रीतीने सांभाळली होती. पावसाळ्याच्या शेवटापासून या वैशाखापर्यंत.

"त्याच्या पानावर ठेवीन म्हणतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया 'म्हणतो'च म्हणतात. "मले तं आधी चाखता येत नाही. तू एक उघडून पाय."

भावाने केलेली अशीच बियर मी आदल्या उन्हाळ्यात पुण्याला त्याच्या खोलीवर प्याले होते, अर्धा ग्लास. तो समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यामुळे कॅन उघडताना मी कशाची वाट पाहत होते हे मला ठाऊक होतं. स्टीलच्या पेल्यात ओतली. फेस आला, पण लगेच बसला. रंग काळपट तांबूस, उकळून ठेवलेल्या चहासारखा. पेला नाकाशी नेला, तर पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास. शाळेच्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिकांना येतो तसा. त्याखाली काकवीचा गोडवा. पहिला घोट जड आणि गोड लागला, मग कडूपणा आला आणि गेलाच नाही. त्याला धार नव्हती. औषधाची गोळी जिभेवर विरघळली की राहतो तसा तो जिभेच्या मुळाशी बसून राहिला. जोर मात्र होता तेवढाच होता, दोन घोटांत कान तापले. मी तिसरा घोट घेतला, चौथा घेतला. पुण्याच्या त्या चवीतलं काही कुठेतरी तळाशी असेल म्हणून शोधत राहिले. नव्हतं.

परसात जाऊन सामान आणून देणाऱ्या त्या गृहस्थांना फोन केला. कॅन कुठे ठेवले होते ते त्यांनी विचारून घेतलं. म्हणाले, "ही ताजीच प्यायची असते, ताई. हॉप्स म्हणजे वेलीची फुलं. त्यांचा वास सगळ्यात आधी जातो. उन्हाळा काढला म्हटल्यावर..." आणि मग त्यांनी विषय बदलून आईची तब्येत विचारली.

"मुरली का?" आईने विचारलं.

"बदलली आहे," मी म्हणाले. यापेक्षा खरं आणि यापेक्षा खोटं मला काही सुचलं नाही.

तृतीयेच्या दिवशी आत्याबाई आल्या. बाबांची मोठी बहीण, बोलायला कुणाला भीत नाहीत. पानावर आईने वाटीत बियर ठेवली तेव्हा बाबांचा चेहरा ताठ झाला.

"पत्रावळीवर दारू?" ते म्हणाले. "काऊन, गावाले बोलाले काही कमी पडून राहिलं का?"

"दारू नाही होय. त्याच्या हातचं होय ते."

आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे रे. गेल्या पोराले बियर अन् जित्या बापाले ताक, काय दिवस आले!" त्या एकट्याच हसल्या. पण बाबांनी वाटी उचलायला लावली नाही.

विस्तव काढला. वडा ठेवला, रस सोडला, तूप सोडलं. धूर निघाला. मग आईने वाटी उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत सगळी विस्तवावर ओतली. फस्स झालं. राख उडाली, निखारे काळे पडले. करपलेल्या गुळासारखा वास पसरला आणि धूर थांबला.

आत्याबाईंच्या तोंडून निघून गेलं, "नाही घेतलं त्यानं."

"ओलं टाकलं तं विझनच," बाबा म्हणाले. चुलीकडे जाऊन त्यांनी चिमट्याने दोन नवे निखारे आणले, स्वतः तूप सोडलं, स्वतः आंब्याची फोड ठेवली. ती जळेपर्यंत तिथेच उकिडवे बसून राहिले. पण आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती विझलेल्या कोळशांकडे बघत होती.

जेवणं झाल्यावर ती मागच्या अंगणात भांड्यांपाशी बसली होती. भांड्यांना हात लावला नव्हता.

"त्याले राग आला असन का वो बाई? आपल्या कामाचं घरात कोणी नाव काढत नाही म्हणून?"

मी दोन दिवस गप्प होते ते तिच्यासाठी. सांगितलं तर तिने सांभाळलं म्हणूनच बियर नासून गेली, असं होणार. न सांगितलं तर लेक रागावून गेला, हे ती जन्मभर धरून बसणार. मी तिच्याजवळ खाली बसले.

"राग नाही आला, आई. त्यात त्याचं काही उरलंच नव्हतं. ती ठेवायची नसते. बनली की लगेच प्यायची. तोही ठेवू देत नसे कुणाला."

"म्हंजे मुरत नाही?"

"नाही. वास उडून जातो."

तिने बराच वेळ एका पातेल्याच्या काठावर बोट फिरवलं. मी वाट बघत होते की ती आता म्हणेल, माझ्याच हातानं गेली. ती तसं म्हणाली नाही.

"मंग चांगली होती तवा कशी लागे? तू तं पेली होती. सांग."

मी सांगायला लागले. थंडगार होती. ग्लास तोंडाशी नेण्याआधीच वास यायचा. संत्रं सोलताना सालीचा फवारा डोळ्यात उडतो, तसा. मग कच्चा आंबा देठाकडून तोडल्यावर चीक येतो ना, तो वास. मग नुकतंच कापलेलं गवत. तोंडात गेली की आधी जरा गोड, आणि मग कडू. पण स्वच्छ कडू, परसातल्या कडुलिंबाच्या कोवळ्या पाल्यासारखं. आलं आणि गेलं, की पुन्हा घ्यावंसं वाटायचं. छातीत ऊब उतरायची. तो म्हणायचा, ताई, एका घोटात निकाल देऊ नको.

आई डोळे मिटून ऐकत होती. रेसिपी ऐकावी तशी, एकेक गोष्ट मनात ठेवून घेत.

"संत्र्याची साल ओली का वाळलेली?"

मी थांबले. आठवून पाहिलं. जिभेवर परवाचा तो जड कडूपणाच येत होता, त्याच्या पलीकडे जाता येईना. पुण्याची खोली दिसत होती, त्याचं माझ्याकडे बघणं दिसत होतं, ग्लासावरचं दव दिसत होतं. वास येत नव्हता.

"ओली," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पातेलं पुढ्यात ओढलं.