बनुमावशीच्या अंगात फिरलेली ऊब

महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर बनुमावशीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. कुंडाजवळच तिचं घर, मागे भाताची दोन खाचरं. कुणाच्या पायात काटा मोडला की तो लंगडत मावशीकडे येतो. ती आधी पाय कुंडाच्या पाण्यात सोडायला लावते. कातडी मऊ पडून काटा काळा दिसायला लागला की सुईने अलगद वर काढते आणि ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवते. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काटा गेला असं मन मानत नाही, असं तिचं म्हणणं.

मी सेजल, तिची भाची. महाडला औषधांच्या दुकानात काम करते. माझं डोकं लवकर तापतं, हे मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पण शौचातून रक्त जातंय हे तिने सगळा उन्हाळा माझ्यापासून लपवलं, मग मी तापणार नाही तर काय करणार? दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ दिसली. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. गाठ पसरलेली नसेल तर ऑपरेशन करून तेवढं आतडं काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले. यकृतात, फुप्फुसात काही गेलंय का, ते आधी सीटी स्कॅनमध्ये बघायचं होतं. सगळं त्यावर अडलं होतं.

स्कॅन झाल्यावर परतीच्या रिक्षात मावशी डोळे मिटूनच बोलत होती. हातात टोचलेल्या सुईतून आधी गार काहीतरी आलं म्हणे. मग गळा गरम झाला, छाती, पोट, पार मांड्यांपर्यंत. मशीन घुमत होतं, कुणीतरी लांबून दम धरायला सांगत होतं. तिने दम धरला आणि ती कुंडात उतरली. पाणी गळ्याशी, वर नुसती वाफ. पलीकडच्या दगडावर तिची आई लुगडं पिळत उभी होती, आणि तिला कसलीच घाई नव्हती. दम सोडा म्हणाले तेव्हा मावशीला वर यावंसंच वाटेना.

"बरी झाले गो मी," ती म्हणाली. "आख्खं कुंड आत फिरून आलं. जळलं असंल तिथलं सगळं."

"मावशी, फोटोत नीट दिसावं म्हणून टोचतात ते औषध."

"तुला टोचलं व्हतं काय?"

मी तिच्या हातावरची पट्टी नीट दाबली.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर सगळं दाखवलं. यकृत स्वच्छ, फुप्फुसं स्वच्छ. गाठीजवळच्या एक-दोन ग्रंथी सुजल्यासारख्या दिसत होत्या, पण त्यांचं खरंखोटं ऑपरेशननंतरच कळणार. आता उशीर करू नका, म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं. मावशी मात्र पदर सारखा करून उठली.

"पसरलं नाय, ते कशामुळं? ऊब फिरली म्हणून. आता सुरी कशाला?" असं म्हणून ती सवला निघून गेली.

मी फोन करायचे, ती खाचराची नाहीतर कोंबड्यांची गोष्ट काढायची. रविवारी मी भांडायच्या तयारीनेच गेले. कुंडावर पोलादपूरच्या वरच्या वाडीतला भिकू पाण्यात पाय सोडून बसला होता. शेतात काटा मोडून टाच सुजली होती. थोड्या वेळाने तो पाय पुसून उठला.

"थांबला गो काकी ठणका. जातो मी. सुई नको."

"बस खाली," मावशी ओरडली. "पाण्यानं ठणका थांबतो. काटा हाय तिथंच हाय. पाणी नुसतं दाखवतं, काढत नाय. आता दिसतोय तवर काढून घे, मग आत सरकला म्हंजे पाय धरून बसशील."

बोलता बोलता ती थांबली. सुई तशीच हातात. वाफ तिच्या तोंडावरून सरकत होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मी भांडायला आले होते ते विसरले.

मग तिने भिकूचा काटा काढला, त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो निरखून पाहिला आणि चपला हातात घेऊन गेला.

"त्या उबेनं नुसतं दाखवलं ना गो?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग काढायला लागंल."

"हो मावशी."

"भ्या वाटतं."

"मलाही वाटतं," मी म्हटलं. खरंच वाटत होतं.

तिने सुई पदराला पुसून बाजूला ठेवली.

"काढल्यावर माझ्या हातावर ठेवतील काय?"

"हातावर नाही ठेवायचे. पण तुला दाखवायला लावीन मी. नाही म्हणाले तर भांडेन."

"तू भांडशील," मावशी म्हणाली, आणि पाय कुंडात सोडून बसली. मीही चपला काढल्या.